लकी डुबे: वर्णभेद संपला, मग ही गाणी अजून का बोचतात?

गावठी_गिटार

लकी डुबेचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘दक्षिण आफ्रिकेचा बॉब मार्ली’ हे पहिलं. ‘आयुष्यभर गुन्हेगारीविरुद्ध गायला आणि शेवटी लुटारूंच्याच गोळीने गेला, काय हा दैवदुर्विलास!’ हे दुसरं. पहिल्याचा कंटाळा येतो. दुसरं ऐकलं की डोकं फिरतं, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना हा दक्षिण आफ्रिकेचा रेगे गायक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ३ ऑगस्ट १९६४, गाव एर्मेलो, तेव्हाचा ट्रान्सवाल प्रांत. आईची आधीची बाळंतपणं यशस्वी झाली नव्हती, हा जगला म्हणून नाव लकी. बाप जन्माआधीच वेगळा झालेला. आई कामासाठी दूर, पोर आजीकडे. लहानपणी लोकांच्या बागांमध्ये राबला. पुढे गाड्यांचे लिलाव व्हायचे तिथे पहारेकरी होता आणि फावल्या वेळात नात्यातला भाऊ रिचर्ड सिलुमाच्या बँडमध्ये गायचा. संगीत होतं म्बाकांगा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधलं झुलू नाचगाणं. त्याच्या या रेकॉर्डी तीस हजारांच्या आसपास खपायच्या. चांगलं चाललं होतं.

१९८४ मध्ये या गृहस्थाने रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, गायचं ठरवलं. ‘रास्ताज नेव्हर डाय’ नावाची छोटी रेकॉर्ड काढली, खप झाला चारेक हजार. त्यात पुढच्या वर्षी सरकारने तिच्यावर बंदी घातली. ‘वॉर अँड क्राइम’सारखी गाणी त्यांना झोंबली होती. धंदा कळणाऱ्या कुणीही इथे हात जोडून म्बाकांगाकडे परत यावं. हा आला नाही. १९८५ ला दुसरी रेगे रेकॉर्ड, १९८७ ला ‘स्लेव्ह’, १९८९ ला ‘प्रिझनर’. १९९१ मध्ये जमैकाच्या रेगे सनस्प्लॅश महोत्सवात, म्हणजे रेगेच्या माहेरी जाऊन गायला.

आता मूळ मुद्दा. डुबेला वर्णभेदविरोधी गायक म्हणतात ते बरोबरच आहे, पण तेवढं म्हणून थांबलं की १९९४ नंतर, म्हणजे वर्णभेदी राजवट गेल्यावर, त्याची गाणी संग्रहालयात ठेवायची वस्तू होतात. ती झालेली नाहीत. माझ्या मते कारण असं की तो बोट दाखवून गात नाही, गुन्ह्यात स्वतःला धरून गातो. ‘स्लेव्ह’ हे दारूवरचं गाणं, पण दारुड्याला उपदेश कुठे नाही. गाणारा स्वतःच दारुडा आहे. ‘प्रिझनर’मधला मुलगाही ‘मी’च आहे. लहानपणी त्याला सांगितलेलं असतं, गुन्हेगारीत राम नाही, शिक्षण हीच किल्ली. पुढे तो तुरुंगात पोचतो आणि तिथला पोलीस त्याला सांगतो, बाळा, आता शाळा बांधणार नाहीत, दवाखाने बांधणार नाहीत, बांधतील ते फक्त तुरुंग. हे गाणं आलं तेव्हा देशभर आणीबाणी होती आणि हजारो लोक खटल्याविना कोंडलेले होते. पण नीट ऐका, गाण्यात ना कायद्याचं नाव ना पक्षाचं. कुठल्याही राजवटीपुढे ते तसंच्या तसं लावता येतं.

‘वॉर अँड क्राइम’मध्येही तेच. हे सगळं सुरू झालं तेव्हा ना तू होतास ना मी, मग आपण ते का ओढत बसलोय, असं तो विचारतो. आणि वंशभेदाबरोबर जमातींमधल्या भेदाचंही नाव घेतो. सरकारच्या अंगणात दगड टाकताना स्वतःच्या अंगणातलाही उचलणारे गायक फार नसतात.

तुम्हाला काय वाटतं? आणि कृपा करून मार्लीशी तुलना नको.

---

निळी_छत्री

वाचनखूण साठवली. ‘स्लेव्ह’ कॉलेजात कॅसेटवर ऐकलं होतं, ‘दारू वाईट’ एवढाच बोध घेतला होता. कीबोर्ड मात्र भजनातल्या पेटीसारखा वाटायचा.

---

खडूस_काका

धागा चांगला आहे, पण मला हा बाबा उपदेशकच वाटतो. ‘टुगेदर अॅज वन’ घ्या. कुत्र्यामांजरांनी एकमेकांना माफ केलं, तुम्हाला काय झालंय? अहो, हे पाचवीच्या पुस्तकातलं झालं. इतक्या भीषण राजवटीत ‘सगळे एक होऊ या’ म्हणणं म्हणजे जमैकाच्या पीटर टॉशच्या तुलनेत फारच मवाळ. टॉशने १९७७ मध्येच सरळ सांगितलं होतं की मला शांतता नको, समान हक्क हवेत. १९७८ ला किंग्स्टनच्या शांतता मैफलीत पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता समोर बसलेले असताना पोलिसांच्या जुलमावरून त्यांना सुनावलं आणि काही महिन्यांत पोलिसांचा बेदम मार खाल्ला. त्याला म्हणतात संदेश.

(मार्ली नको म्हणालात. टॉशवर बंदी नव्हती.)

---

जोबर्गची_पाहुणी

@निळी_छत्री, ‘दारू वाईट’ एवढंच ते गाणं नाही. मी इथे जोहान्सबर्गला बरीच वर्षं राहते आणि या देशात दारू ही कधी खासगी सवय नव्हतीच, हे कळायला मलाही वेळ लागला.

१९०८ च्या नाताळ वसाहतीतल्या (डर्बन शहर तिथलंच) कायद्याने नगरपालिकांना बिअर गाळण्याची आणि विकण्याची मक्तेदारी मिळाली. बायका घरी पारंपरिक ज्वारीची बिअर गाळून चार पैसे मिळवायच्या, तो गुन्हा ठरला. नवऱ्यांनी सरकारी बिअर हॉलमध्ये जायचं, तिथे मजुरी उडवायची आणि त्या नफ्यातून त्यांच्याच वस्त्यांवर हुकूम गाजवणाऱ्या खात्याचा खर्च चालवायचा. डर्बनने हे सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. १९५९ मध्ये डर्बनच्या केटो मॅनरमध्ये बायकांनी बिअर हॉलवर मोर्चे नेले, आत घुसून पिणाऱ्या पुरुषांना बाहेर हाकललं. १९७६ ला सोवेटोतली, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या कृष्णवर्णीय वस्तीतली, पोरं रस्त्यावर आली तेव्हा जाळपोळीत बिअर हॉल आणि दारूची दुकानं अग्रभागी होती. तिकडे केपच्या द्राक्षमळ्यांवर तर मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायची पद्धत. कायद्याने बंदी आल्यावरही ती बरीच वर्षं चालू राहिली.

हे माहीत असलेल्या माणसाने १९८७ मध्ये ‘मी गुलाम आहे’ हे गाणं ऐकलं असेल तेव्हा त्याला काय ऐकू आलं असेल? सेन्सॉरला दारूविरोधी गाणं दिसलं, ऐकणाऱ्यांना मालकही दिसला. त्याच्या बँडचं नावही ‘द स्लेव्हज’ होतं, हे विसरू नका. डुबे स्वतः दारू-सिगारेटला शिवत नव्हता. गांजालाही नाही, आणि रेगेवाल्यासाठी ही बातमीच आहे! रास्ता म्हणजे जटा, गांजा आणि इथिओपियाचा सम्राट हेले सेलासीला देव मानणं असेल तर मी रास्ता नाही, सामाजिक-राजकीय भान असेल तर आहे, अशा अर्थाचं तो सांगायचा.

---

गावठी_गिटार

@पाहुणी, बिअर हॉलची ही बाजू मूळ लेखात असायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. दंडवत.

@खडूस_काका, टॉशबद्दल पूर्ण सहमत. डुबेचाही आदर्श टॉशच होता, खर्जात गातो तेव्हा ते लपत नाही. पण ‘टुगेदर अॅज वन’ १९८८ चं आहे हे लक्षात घ्या. त्यात तो रास्तामॅनला हाक मारतो, युरोपियनला मारतो आणि ‘इंडियन मॅन’लाही मारतो. आपल्याला ती हाक गोड वाटते, यमक जुळवायला घातलेली वाटते. तिथे ती तशी नव्हती. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद झालेली होती: गोरे, मिश्रवर्णीय, आशियाई, कृष्णवर्णीय. १९८४ मध्ये बोथा सरकारने नवी संसद आणली, तीन सभागृहांची. गोऱ्यांचं एक, मिश्रवर्णीयांचं एक, भारतीयांचं एक. कृष्णवर्णीय बहुसंख्य, त्यांना काहीच नाही. म्हणजे भारतीयांना माडीवर अर्धी खुर्ची द्यायची आणि खालच्यांपासून तोडायचं. बहुतेक भारतीय मतदारांनी त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला हे त्यांचं मोठेपण. पण ती खुर्ची पटकावणारेही निघालेच.

अशा वेळी एक झुलू गायक ‘इंडियन मॅन’ म्हणून हाक मारतो, ते त्या तीन सभागृहांच्या भिंतीवर धडक मारणंच आहे. कुत्र्यामांजराची ओळ मात्र मलाही आवडत नाही. घ्या, एक गुण तुम्हाला.

---

बांद्याचो_बाबलो

‘रिमेंबर मी’चा कोणी उल्लेख कसा केला नाही? बाप कामधंद्यासाठी जोहान्सबर्गला जातो, सुखाचे दिवस आणीन म्हणून वचन देऊन जातो. मग परततच नाही. तिकडे दुसरं लग्न करतो, ती बातमी ऐकून आई हाय खाऊन मरते, पोरगा सोवेटोच्या रस्त्यांवर बापाला शोधत फिरतो. आणि मागणं काय, तर जिथे असशील तिथे माझी आठवण ठेव. पैसे मागत नाही, शिव्या देत नाही.

आमच्याकडे प्रत्येक वाडीत असा एक तरी चाकरमानी निघायचो. मुंबैक गेलो तो गेलोच. गिरण होती तवर मनीऑर्डर तरी यायची. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि आजीच्या शेजारणीचं घर डोळ्यांसमोर आलं. डुबेला कोकण माहीत असायचं कारण नाही, पण गाणं लागू पडतं.

---

जोबर्गची_पाहुणी

@बाबलो, लागू पडतं हे खरंच, पण एक फरक करायलाच हवा. कोकणातला माणूस मनात आणलं तर बायकोपोरांना मुंबईत आणू शकत होता. खोली मिळणं मुश्कील, पण कायदा आड येत नव्हता. इथे पासचा कायदा होता. पुरुषाच्या खिशात पास, त्यावर मालकाचा शिक्का, तो असला तर शहरात राहायची मुभा. खाणकामगाराने पुरुषांच्या वसतिगृहात राहायचं, बायको-मुलांनी दूर राखीव मुलखात. वर्षातून एकदा घर. हे कायदे १९८६ ला रद्द झाले. गाणं त्यानंतर तीन वर्षांनी आलं, कारण मोडलेली घरं कायदा रद्द झाला म्हणून जोडली जात नाहीत.

आणि तरीही डुबे बापाला मोकळं सोडत नाही. ‘सगळं व्यवस्थेने केलं’ म्हणून त्याचं दुसरं लग्न माफ करत नाही. गिटार यांच्या ‘स्वतःला धरून गातो’ या मुद्द्यात मी हे घालेन. स्वतःच्या बापाला जन्माआधीच गमावलेल्या माणसाने लिहिलंय, एवढं लक्षात ठेवून ऐका.

---

गणिती_डोकं

१९९४ नंतरचं कोणी बोलेना, म्हणून मी. माझं आवडतं ‘टॅक्समन’, १९९७. माळ्याला पैसे देतो तो बाग साफ करतो, डॉक्टरला देतो तो तपासतो, वकिलाला देतो तो भांडतो, अंगरक्षकाला देतो तो अंग राखतो. एकच माणूस असा की ज्याला पैसे देतो पण कशाचे देतो ते कळत नाही, तो म्हणजे कर घेणारा! दरवर्षी रिटर्न भरताना लावतो, बायको वैतागते.

पण गंमत बाजूला ठेवली तर यात धाडस आहे. मंडेलांचं सरकार, सगळं जग आरती ओवाळतंय. त्या वेळी त्याच लढ्यातला मानला गेलेला गायक विचारतो की माझ्या पैशाचं तुम्ही काय करता. यात गोऱ्या करदात्यांची कुरकुर ऐकू येते अशी टीका करता येईल. मला ती पटत नाही, कारण तो गरिबाकडूनही घेता असं म्हणतो. आणि अंगरक्षक पदरी बाळगावा लागतो ही त्याच यादीतली सहज आलेली ओळ आज ऐकताना चरका देते.

---

निळी_छत्री

‘इट्स नॉट ईझी’ राहिलं. आईला फोन करून सांगतो, लग्न करतोय. आई विचारते, नीट ओळखलंस का तिला? काही काळाने पुन्हा फोन, या वेळी घटस्फोटाचं सांगायला. १९९१ च्या ‘हाउस ऑफ एक्झाइल’मध्येच हे आहे आणि त्याच अल्बममध्ये ‘ग्रुप एरियाज अॅक्ट’ नावाचंही गाणं आहे. कुणी कुठल्या वस्तीत राहायचं ते ठरवणारा हा कायदा त्याच वर्षी रद्द झाला. कायदा आणि घटस्फोट एकाच ताटात!

---

मांद्रेकर

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे किनाऱ्यावर रेगे म्हणजे मार्लीचा चेहरा छापलेला टी-शर्ट आणि शॅकमधलं तेच ते एक गाणं. पर्यटकाला ठेका हवा असतो, शब्द नको असतात. २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश महोत्सव सुरू झाला तेव्हा कुठे साउंड सिस्टिम म्हणजे काय, रेगे कुणाचं दुःख सांगतं, हे बोलणारी माणसं भेटायला लागली. डुबे इथे कमीच वाजतो. माझा अंदाज, त्याच्या गाण्यांवर समुद्राकाठी पडून राहता येत नाही.

---

खडूस_काका

बरं, आता तुम्हाला ‘दैवदुर्विलास’ शब्दाचा एवढा राग का, ते सांगा. ‘क्राइम अँड करप्शन’ मी ऐकलंय. घरातून निघाल्यावर डोक्यात गोळी घेऊन शवपेटीत परत येशील याची भीती कधी वाटते का, असं तो पुढाऱ्यांना विचारतो. आणि आठ वर्षांनी स्वतः तसाच मेला. याला दैवदुर्विलास नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

---

गावठी_गिटार

काका, राग यासाठी की त्या शब्दाने सगळा दोष आभाळावर जातो. ‘क्राइम अँड करप्शन’ १९९९ चं. त्यात तो भविष्य सांगत नव्हता. तुमच्याभोवती उंच भिंती आहेत, चोवीस तास बंदूकवाले आहेत, म्हणून तुम्हाला लोकांचं रडणं ऐकू येत नाही का, असं विचारत होता. जे रोज घडत होतं त्याचं ते वर्तमान होतं. शहरात रोज गाड्या लुटल्या जात होत्या, माणसं मरत होती. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत म्हणून तो दुर्विलास नाही आणि डुबे मेला की दुर्विलास?

१८ ऑक्टोबर २००७ ची रात्र. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला रोझेटनव्हिल भाग. तो मुलांना नातेवाइकाकडे सोडायला आला होता. गाडी हिसकावायला आलेल्यांनी गोळ्या घातल्या. मार्च २००९ मध्ये तिघांना दोषी धरलं, जन्मठेप झाली. यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. आपण कुणाला मारतोय हे त्यांना माहीत नव्हतं, तो नायजेरियन असावा असं त्यांना वाटलं, असं खटल्यात पुढे आलं. म्हणजे काय, नायजेरियन असता तर हळहळ कमी झाली असती?

सात महिन्यांनी, मे २००८ मध्ये, जोहान्सबर्गच्याच अलेक्झांड्रा वस्तीतून परदेशी आफ्रिकनांवरच्या हल्ल्यांची लाट सुरू झाली. बासष्ट माणसं मेली, त्यात एकवीस दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. एकाने दुसऱ्याला ‘आमच्यातला नाही’ ठरवायचं आणि मग त्याचा जीव स्वस्त. ‘टुगेदर अॅज वन’ तुम्हाला पाचवीच्या पुस्तकातलं वाटलं होतं. २००८ च्या अलेक्झांड्रात तो धडा कुणी शिकलेलं दिसत नाही.

---

जोबर्गची_पाहुणी

+१. भर घालते. इथे मिनीबस टॅक्सीत डुबे अजून वाजतो, आणि ड्रायव्हर झिम्बाब्वेचा असला तरी वाजतो. पण त्याच टॅक्सीत ‘हे बाहेरचे आले आणि आमच्या नोकऱ्या गेल्या’ हेही तेवढ्याच मोठ्याने बोललं जातं. गाणं ऐकणं आणि गाणं मानणं यात अंतर असतं. संदेश ‘टिकून’ आहे म्हणताना हे धरूनच म्हणा. टिकला आहे कारण काम झालेलं नाही. यात गायकाचा गौरव आहे की समाजाची नाचक्की, हे मला ठरवता येत नाही.

---

खडूस_काका

ठीक. ‘दुर्विलास’ मागे घेत नाही, पण यापुढे जपून वापरेन. आता एक अवांतर. याने म्हणे आफ्रिकान्समध्येही रेकॉर्ड काढली होती? गोऱ्या मालकांच्या भाषेत? त्या भाषेच्या सक्तीविरुद्ध तर १९७६ ला सोवेटोची पोरं गोळ्या खाऊन मेली.

---

गावठी_गिटार

काढली होती, ‘ऊम हान्सी’ या टोपणनावाने, १९८६ च्या सुमारास. म्हणजे आपला ‘हान्सीकाका’. एकूण बावीस अल्बम धरतात त्यात झुलू, इंग्रजी आणि हाही येतो. गंमतीजमतीची गाणी आहेत. काही लोक त्यात समेटाचं प्रतीक वगैरे शोधतात. मला तसं वाटत नाही. आधीच्या वर्षी रेगेच्या रेकॉर्डवर बंदी आलेली, घर चालवायचं होतं, कंपनीला विकता येईल असं काही हवं होतं, गायला असेल. आफ्रिकान्स ही मिश्रवर्णीय वस्त्यांमधल्या लाखो गरिबांचीही घरची भाषा आहे, नुसती मालकांची नाही, हेही विसरू नका.

कुणाकडे ऊम हान्सीची मूळ कॅसेट असेल तर कळवा. ‘कुठे ऐकू’ विचारणाऱ्यांनी ‘प्रिझनर’ आणि ‘हाउस ऑफ एक्झाइल’ पूर्ण ऐका, मग ‘क्राइम अँड करप्शन’ एकटं.

---

बांद्याचो_बाबलो

कॅसेट नाय. पण ‘रिमेंबर मी’ गिटारवर बसवतोय, मधला बायकांचा कोरस कोण म्हणणार हाच प्रश्न आहे. निळी छत्री, गणपतीत येताय का?